मागच्या सीटचा इतिहास

आपल्या दोन जिल्ह्यांचा इतिहास लिहायला बसलं की लोक कुठून सुरुवात करतात? गोंड राजे, चांद्याचा परकोट, कोळसा, बल्लारपूरचा कागद कारखाना, ताडोबाचा वाघ आणि नक्षलवाद. सगळं बरोबर आहे. पण चंद्रपूर-गडचिरोलीचा माणूस गेल्या चाळीस वर्षांत ज्या जागेवर बसून दवाखान्यात गेला, परीक्षेला गेला, सोयरीक बघायला गेला, नाटकाला गेला, ती जागा या इतिहासात कुठेच नाही. ती जागा म्हणजे मोटारसायकलची मागची सीट.

मी शिक्षक होतो. स्वतःची गाडी कधी घेतली नाही. एसटी जिथं सोडेल तिथून पुढं कोणाच्या तरी मागं बसून शाळा गाठायची, असं माझ्या नोकरीतली बरीच वर्षं चाललं. राजदूत, लुना, बुलेट, स्प्लेंडर, सगळ्यांच्या मागं बसून झालंय. म्हणून या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

*या माणसाला नावच नाही*

इंग्रजीत मागच्या सीटला 'पिलियन' म्हणतात. हा शब्द मोटारसायकलपेक्षा कितीतरी जुना. घोड्याच्या खोगिराच्या मागं बाईमाणसाला बसायला जी गादी टाकत, ती पिलियन. मूळ लॅटिनमधल्या कातड्यासाठीच्या शब्दात. म्हणजे घोडा गेला, इंजिन आलं, पण मागं बसणाऱ्याची ओळख तीच राहिली.

मराठीत गंमत बघा. चालवणारा 'चालक' आहे, पण मागं बसणाऱ्याला आपल्याकडे साधं नाव नाही. सरकारी कागदात 'सहप्रवासी' किंवा 'पाठीमागे बसणारी व्यक्ती'. बोलण्यात 'डबलसीट'. तोसुद्धा माणसाचा शब्द नाही, बसण्याच्या प्रकाराचा आहे. ज्याला नाव नाही त्याला शिकवणार कोण आणि त्याचा हिशेब ठेवणार कोण? माझा सगळा मुद्दा इथून सुरू होतो.

*बैलगाडीतून सायकलवर*

बैलगाडीत, रेंगीत किंवा खाचरात बसायला काही शिकावं लागत नव्हतं. तणस टाकायची, वर सतरंजी आणि निघायचं. बसणाऱ्याच्या हलण्यानं गाडी पडत नसे. सायकल आली आणि पहिल्यांदा बसणाऱ्याच्या अंगावर जबाबदारी आली. पुढच्या दांडीवर पोरगं, मागं कॅरिअरवर बायको किंवा पोतं. चालत्या सायकलवर उडी मारून बसायचं, पाय आऱ्यांत जाऊ द्यायचे नाहीत, हलायचं नाही. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे, आणि बिल्ला नाही, दिवा नाही, डबलसीट आहे या तीन गोष्टींसाठी पोलिस अडवत. आपला 'डबलसीट' हा शब्द तिथूनच फटफटीवर आला असावा असं मला वाटतं.

*फटफटी येते*

जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये केली. तिच्यावर एकाच माणसाची जागा होती. मागची सीट नंतर आली, आधी लोखंडी कॅरिअर म्हणून आणि मग त्यावर गादी म्हणून. १९४६ मध्ये इटलीत व्हेस्पा स्कूटर आली. तिचा पुढचा भाग मोकळा आणि तळ सपाट, त्यामुळे झगा घातलेल्या बाईला बसायची सोय झाली. तीच व्हेस्पा पुढं बजाजच्या हातून आपल्याकडे आली आणि झग्याच्या जागी साडी आली.

भारतात एन्फिल्ड बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली, तीही मुख्यतः लष्कर आणि पोलिसांसाठी. म्हैसूरला जावा १९६१ च्या सुमारास. त्यानंतर एस्कॉर्ट्सची राजदूत. आपल्या भागात ही गाडी जंगल खात्याचे लोक, तेंदूचे ठेकेदार, गावोगाव फिरणारे पुरवठादार यांच्याकडे असे. मागच्या सीटवर हाताखालचा माणूस, मांडीवर फायली नाहीतर बंदूक. कोण पुढं आणि कोण मागं यावरून गावाला कळायचं की साहेब कोण.

१९७३ मध्ये 'बॉबी' आला आणि मागच्या सीटचा अर्थच बदलला. राजदूतच्या त्या छोट्या गाडीवर नायकाला बिलगून बसलेली नायिका लोकांनी टुरिंग टॉकीजच्या पडद्यावर बघितली. चांद्याच्या कॉलेजातल्या पोरांना गाडी मिळाली नाही, पण स्वप्न मिळालं. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, पुण्याच्या कायनेटिकची लुना निघाली. लुनानं खरी क्रांती केली असं माझं मत आहे, कारण तिच्यावर पुढं बसणारी बाई आपण पहिल्यांदा बघितली. नर्सबाई, शिक्षिका, बचत खात्याच्या एजंट. मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर येण्याचा रस्ता लुनावरून गेला.

*१९८५ नंतर*

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर, तीन चतुर्थांशाहून जास्त जंगल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७३ हजारांच्या घरात, म्हणजे एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं. रेल्वे फक्त वडशाला लागायची. एवढ्या पसरलेल्या वस्तीला एसटी तरी कुठवर पुरणार? सकाळी एक गाडी, संध्याकाळी एक मुक्कामी गाडी. ती चुकली की दिवस गेला. पावसाळ्यात तर भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की सगळंच बंद.

अशा जिल्ह्यात १९८५ मध्ये बाजारात आलेली हिरो होंडा पोचली आणि मग १९९४ नंतरची स्प्लेंडर. कमी पेट्रोल, कमी दुरुस्ती, पायवाटेवरही चालते. गुरुजी, ग्रामसेवक, कंपाऊंडर, मग धानाचे पैसे आलेला शेतकरी, मग तेंदूच्या हंगामात कमावलेला पोरगा. एमएच ३३ आणि एमएच ३४ च्या नंबरप्लेटा वाढत गेल्या तशी गावाची वाहतूक व्यवस्था बदलली. एक गाडी एका घराची नसते आमच्याकडे. ती अख्ख्या टोलीची असते. "भाऊ, आलापल्लीले जातेस का गा?" असं विचारलं की नाही म्हणायची पद्धत नाही.

२०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. ते पाच-सहा महिने आठवा. शाळा-कॉलेजची पोरं, डायलिसिसचे पेशंट, कोर्टाच्या तारखेवाले, सगळे कोणाच्या तरी मागं बसून गेले. सरकारी वाहतूक बंद पडली तेव्हा जिल्हा बंद पडला नाही, याचं श्रेय मागच्या सीटला आहे.

*लिफ्टची रीत*

या काळात कोणी न लिहिता काही रीती तयार झाल्या. वयस्क माणूस चालत असेल तर गाडी थांबवायची. पेट्रोलचे पैसे विचारायचे नाहीत, पण मागच्यानं चहाचं विचारायचं. अनोळखी बाई असेल तर "कोन्या गावची व बाई, कोनाकडची?" असं विचारून नातं जोडून घ्यायचं आणि मधे पिशवी ठेवायची. शाळेतली पोरगी असेल तर तिच्या भावालाही घ्यायचं, मग ट्रिपल सीट झालं तरी चालेल. बस थांबवणाऱ्या कंडक्टरसारखं मागच्यानं खांद्यावर दोनदा थापटलं की थांबायचं.

दक्षिणेकडे याला दुसरी बाजू होती. रस्त्यात भूसुरुंग असण्याची भीती होती म्हणून पोलिससुद्धा चारचाकी टाळून पायी किंवा मोटारसायकलवर जात. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भाड्याच्या गाडीतले १५ जवान आणि चालक स्फोटात गेले, हे सगळ्यांना आठवत असेल. अशा वातावरणात मागं कोण बसलंय हा साधा प्रश्न राहत नव्हता. वर्दीतल्या माणसाला बसवलं तर एकाचा संशय, जंगलातून निघालेल्या अनोळखी माणसाला बसवलं तर दुसऱ्याचा. माणुसकी म्हणून गाडी थांबवणाऱ्या लोकांनी त्या काळात किती विचार करून ब्रेक दाबला असेल, हे बाहेरच्याला कळणार नाही.

*कायदा काय म्हणतो*

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात एक कलम होतं: दुचाकीच्या चालकानं स्वतःशिवाय एकापेक्षा जास्त माणूस नेऊ नये, आणि त्याला चालकाच्या मागं पक्क्या बसवलेल्या सीटवरच न्यावं. १९८८ च्या कायद्यात तेच कलम १२८ झालं. वाक्याचा कर्ता बघा. चालकानं नेऊ नये. मागचा माणूस वाक्यात कर्म आहे, पोत्यासारखा.

त्याचा विचार केलेला नियम शोधला तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सापडतो. मागं बसणाऱ्यासाठी पकडायला कायमची मूठ, पाय ठेवायला पायदान, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं आवरण. हेच ते साडी गार्ड. आता तुमच्या गल्लीतल्या पोरांच्या गाड्या बघा. नवी गाडी आणली की पहिल्या आठवड्यात साडी गार्ड काढतात, 'लूक' खराब होतो म्हणून. मग त्याच गाडीवर आई ओढणी नाहीतर पदर सोडून बसते. गळ्यातली ओढणी चाकात गेली की काय होतं ते कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारा.

हेल्मेटचं कलम १२९. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात चार वर्षांवरचा प्रत्येक माणूस आला, चालवणारा असो, बसलेला असो की नेला जाणारा असो. तरी आपल्याकडे घरात हेल्मेट एकच. केंद्र सरकारचा २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात हेल्मेट नसलेले ५० हजार २९ दुचाकीस्वार गेले. त्यातले १४ हजार ३३७ मागं बसलेले होते. म्हणजे साधारण दर सातांत दोन. ज्यांनी ना वेग ठरवला, ना ओव्हरटेक केलं.

*विम्याची गोष्ट, ही मात्र नीट वाचा*

२००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध तिलक सिंग या खटल्यात सांगितलं की कायद्यानं सक्तीची जी थर्ड पार्टी पॉलिसी आहे, तिच्यात फुकट मागं बसलेला माणूस धरला जात नाही. तो 'तिसरा' नाहीच, गाडीवरचाच आहे. पॅकेज पॉलिसी, म्हणजे लोक जिला फुल इन्शुरन्स म्हणतात ती असेल तर तो धरला जातो. विमा नियामकानं २००९ च्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढून ते स्पष्टही केलं.

आता आपल्या गावातल्या जुन्या गाड्यांचे कागद बघा. असलाच तर फक्त थर्ड पार्टी विमा, तोही पोलिसाला दाखवायला. रस्त्यावरून चालणाऱ्याला तुमच्या गाडीनं धडक दिली तर विमा आहे. त्याच माणसाला दया येऊन तुम्ही मागं बसवलं आणि गाडी घसरली, तर त्याच्या घरच्यांना विमा कंपनीकडून मिळण्याची आशा फार कमी, आणि भरपाईचा बोजा तुमच्यावर. ज्या जिल्ह्यात लिफ्ट हीच बससेवा आहे, तिथं याचा अर्थ किती मोठा आहे हे लक्षात घ्या. लिफ्ट देणं बंद करा असं मी म्हणत नाही. गाडी गावाची असेल तर पॉलिसी मागच्याला धरणारी घ्या, एवढंच.

*बसायचं कसं*

लायसन्सच्या परीक्षेत चालवणाऱ्याला आठ आकडा काढायला लावतात. मागं बसणाऱ्याची परीक्षा कोणी घेत नाही. पण साधा हिशेब करा. गाडी शंभर-एकशेदहा किलोची. मागचा माणूस साठ-सत्तर किलोचा, आणि तोही उंचावर, मागच्या चाकाजवळ. म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त वजन असं आहे की जे स्वतःच्या मर्जीनं हलू शकतं. पुढचं चाक हलकं होतं, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून मागं बसणं हेसुद्धा गाडी चालवण्याचाच भाग आहे. इतकी वर्षं बसून जे शिकलो ते असं:

१. चालवणारा दोन्ही पाय जमिनीवर टेकवून "बस" म्हणेपर्यंत चढायचं नाही. बसून पाय पायदानावर गेले की आपण "बसलो" म्हणायचं. हे दोन शब्द न बोलता गाडी हलवू नये.

२. चढणं-उतरणं डावीकडून. आपली वाहतूक डावीकडून चालते, रस्त्याची कडा त्या बाजूला असते. आणि बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, पोटरी भाजत नाही.

३. वळणावर गाडी जिकडे झुकेल तिकडेच आपण. भीतीनं उलट बाजूला अंग टाकलं की गाडी वळतच नाही, सरळ नालीत. काहीच सुचत नसेल तर ज्या बाजूला वळतोय त्या बाजूच्या खांद्यावरून पुढं बघायचं, अंग आपोआप बरोबर झुकतं.

४. चालवणाऱ्याचे खांदे आणि दंड धरायचे नाहीत, हँडल हलतं. एका हातानं मागची मूठ, दुसऱ्यानं कंबर. कंबर धरायचा संकोच असेल तर दोन्ही हात मुठीला.

५. सिग्नलवर, गेटवर गाडी थांबली तरी पाय खाली टेकवायचे नाहीत. तोल सांभाळणं पुढच्याचं काम.

६. ब्रेकरच्या आधी पुढच्यानं "ब्रेकर" म्हणावं. मागच्यानं पायदानावर जोर देऊन अंग किंचित उचलावं. म्हातारे आणि गरोदर बायका असतील तर वेग आधीच कमी.

७. एका बाजूला पाय सोडून बसणं सगळ्यात धोक्याचं, कारण वजन एकीकडे आणि धरायला एकच हात. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्या बाईला बघून हसणारे लोक अजून आहेत. त्यांना हसू द्या. साडीत जमत नसेल तर पदर खोचा, ओढणी गाठ मारून अंगाखाली घ्या.

आणि मागच्याचा हक्कसुद्धा आहे. "हळू चाल" असं एकदा सांगितल्यावर पुढच्यानं ऐकलंच पाहिजे. सुनेनं सासऱ्याला, विद्यार्थ्यानं गुरुजीला, शिपायानं साहेबाला म्हटलं तरी ऐकलं पाहिजे. पुढच्या माणसाचा मान मोठा म्हणून मागचा गप्प बसतो, ही आपल्याकडची खरी अडचण आहे.

*आपल्याकडच्या दोन खास गोष्टी*

एक, जंगल. चंद्रपूर-मूल रस्ता असो की मोहर्लीचा, मागच्या माणसाचं काम डोळे उघडे ठेवण्याचं. पुढच्याची नजर खड्ड्यावर असते, झुडपातून निघणारं रानडुक्कर किंवा चितळ मागच्याला आधी दिसतं. दिसलं की ओरडायचं नाही, थापटून सांगायचं. वाघ दिसला तर उतरून व्हिडिओ काढणं सोडाच, थांबायचंही नाही. मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात निघणं शक्यतो टाळायचं.

दोन, झाडीपट्टीचं नाटक. दिवाळीपासून मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटक. वडशाच्या कंपन्यांचं नाटक दहाला सुरू होतं आणि उजाडता संपतं. मग थंडीत, धुक्यात, तिघं एका गाडीवर परत. पुढचा कसाबसा जागा असतो, मागचा झोपलेला. झोपलेला माणूस वळणावर झुकत नाही, पडतो. नाटक संपल्यावर मांडवातच दोन तास झोपून निघा. कुठंही उशीर होत नाही.

*मागणी*

खेड्यात रस्ता नाही, अँब्युलन्स पोचत नाही म्हणून मोटारसायकलला खाट बांधून पेशंट नेल्याच्या, कधी मृतदेहही नेल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातून येतात. दोन दिवस हळहळ होते. त्या बातमीत दुचाकी अगतिकता म्हणून येते, आणि ती आहेच. रस्ता आणि अँब्युलन्स हा हक्क आहे, त्याला पर्याय नाही. पण रस्ता होईपर्यंतची वर्षं लोक याच सीटवर काढणार आहेत. सूरजागडचे ट्रक धावतात त्याच रस्त्यावर काढणार आहेत.

म्हणून चार गोष्टी मागाव्यात असं वाटतं. आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षातून एक तास मागं बसायचं शिक्षण, माडिया, तेलुगू, बंगाली, जी मुलांची बोली असेल तिच्यात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका कायम दुसऱ्याच्या मागं बसून फिरतात, त्यांना सरकारकडून हेल्मेट. साडी गार्ड काढलेल्या गाडीवर कारवाई, पण आधी गार्ड परत लावून घ्यायची मुदत. आणि ग्रामपंचायतीत विम्याची माहिती देणारा एक साधा फलक.

ट्रिपल सीटवर दंड करायचा तर जरूर करा. फक्त मजा म्हणून बसलेले तिघे आणि मुक्कामी गाडी रद्द झाली म्हणून बसलेले तिघे यांतला फरक पावती फाडणाऱ्याला कळत नाही. तो ज्यांना कळायला हवा ते चारचाकीनं फिरतात.

आज घरी गाडी असेल तर दोन गोष्टी बघा: साडी गार्ड जागेवर आहे का, आणि पॉलिसीच्या कागदावर काय लिहिलंय. आणि कोणाच्या मागं बसलात तर "बसलो" म्हणायला विसरू नका.